गुरुवारपासून आकाश निरभ्र

तुम्ही खोटं बोललात असं मी म्हणणार नाही. तुम्ही खरं बोललात, आणि तुमच्या त्या खऱ्यानं आमचं एक माणूस खाल्लं. खोटं असतं तर एवढा राग आला नसता. खोटं बोलणाऱ्याला माणूस निदान ओळखून असतो. तुमचं नाव मी लिहीत नाही. ज्याला लागायचं त्याला बरोबर लागेल.

वैशाखातला मंगळवार होता. सकाळी सातच्या सुमाराला माझ्या मोबाईलवर तुमचा संदेश आला, तेव्हा मायाप्पा तात्या घोडीच्या पाठीवर गोणपाट टाकून दोर आवळत होता.

"आज चढायचं," तो म्हणाला. "आभाळ मोकळं हाय, वारं बी बरोबर हाय. दुपारच्या आत सडा वलांडू."

आम्ही घाटाच्या पायथ्याला होतो, कोकणच्या अंगाला. आम्ही धनगर. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन घाट उतरायचा आणि पावसाच्या तोंडाला तोच घाट चढून देशावर परतायचं, हा आमचा पिढ्यान्‌पिढ्यांचा रस्ता. सात बिऱ्हाडं, सहाशे मेंढरं, अकरा घोडी. या सगळ्याला मिळून आमच्यात वाडा म्हणतात. लोकांचा वाडा एका जागी उभा असतो, आमचा चालतो. तात्या माझा सख्खा चुलता आणि वाड्याचा म्होरक्या. कधी उठायचं, कुठं उतरायचं, हे त्यानं सांगायचं आणि बाकीच्यांनी पालं गुंडाळायची.

घाटाची वाट अवघड नव्हती. अवघड होता वरचा सडा. दोन कोस उघडा काळा कातळ. झाड नाही, भिंत नाही, मोठ्यातला मोठा दगड गुडघ्याएवढा. वैशाखात तिथं वळवानं गाठलं तर वीज डोक्यावरच. म्हणून सडा ओलांडायचा दिवस निवडणं हे वाड्यातलं सगळ्यात जोखमीचं काम. दिवस चुकला तर माणूस जातं, हे आम्हाला कुणी कागदावर लिहून द्यायला नको होतं.

"तात्या, थांबा," मी म्हणालो. "संदेश आलाय."

तात्याचा हात दोरावर थांबला. सगळा वाडा माझ्याकडं बघायला लागला. वाड्यात वाचता येणारा मी एकटा. शाळेत गेलो नाही. एसटीच्या पाट्या आणि भेळीचे कागद वाचत वाचत शिकलो. पंचवीस वर्षांचा होतो, लग्न नव्हतं झालेलं, आणि त्या मोबाईलनं मला एकदम मोठा माणूस केलं होतं.

मी मोठ्यानं वाचलं. "मंगळवार व बुधवार तुरळक ठिकाणी विजांच्या कडकडाटासह हलक्या ते मध्यम सरी. गुरुवारपासून आकाश निरभ्र राहून कमाल तापमानात दोन ते तीन अंशांनी वाढ होण्याची शक्यता. मेंढपाळ बांधवांनी विजा चमकत असताना उघड्यावर थांबू नये."

"भावजी," ठका म्हणाली, "बांधव म्हंजी तुमी बाप्ये ना? मग आमी बाया थांबलो तर चालतंय म्हना की."

सगळे हसले. ठका माझ्या चुलतभावाची, सोमाची बायको. तात्याची सून. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तोंडाची फटकळ आणि हाताची चलाख. घोडी बिथरली तर बाप्यांना आवरायची नाही, तिला आवरायची.

तात्या हसला नाही. "निरभ्र म्हंजी काय?"

"ढग न्हाई. कोरडं."

"ते गुरुवारी?"

"व्हय. आज नि उद्या विजा."

तात्यानं आभाळाकडं बघितलं. चारी बाजूंनी धुतल्यासारखं स्वच्छ. मग त्यानं माझ्या हातातल्या मोबाईलकडं बघितलं आणि दोर सोडून दिला. "उतरवा सामान."

दोन वर्षांआधीचा तात्या असता तर मला घोडीसकट घाटात हाकललं असतं. पण दोन वर्षांआधी त्याचं आभाळ चुकलं होतं. सगळं ठीक आहे म्हणून त्यानं वाडा माळावर उतरवला आणि अर्ध्या तासाच्या गारपिटीत बावन्न मेंढरं मेली. तेव्हापासून तो कोणत्याही ढगाबद्दल ठाम बोलेनासा झाला होता. दिवाळीच्या आधी मी तालुक्याला जाऊन या संदेशासाठी नाव नोंदवून आलो. निघायच्या आधीच्या पंधरवड्यात दोनदा अंदाज आला आणि दोन्ही वेळा तंतोतंत खरा ठरला. एकदा तर संदेशात दुपारनंतर सरी म्हणून आलं आणि दुपारचं जेवण आटपेपर्यंत घराच्या पत्र्यावर थेंब वाजले. तात्या त्या दिवशी माझ्याकडं बघून नुसता मान हलवत राहिला. त्याच्या डोक्यावरचं ओझं मी घेतलं, असं मला वाटलं. त्यालाही तसंच वाटलं असणार.

मंगळवारी टिपूस पडला नाही.

बुधवारीही नाही. ऊन असं की कातडी सोलावी. कोकणातला वैशाख अंगाला चिकटतो. मेंढरांच्या खुरांत सड धरायला लागली होती, पायथ्याच्या ओढ्यात पाणी घोट्याएवढं उरलं होतं आणि ज्याच्या रानात उतरलो होतो त्या शेतकऱ्यानं दोनदा निरोप धाडला की आता हलवा.

"कुठं पडला रं तुजा पाऊस?" बुधवारी तिसऱ्या प्रहरी तात्यानं विचारलं.

"तुरळक ठिकाणी म्हणलंय, तात्या. कुठंतरी पडला आसंल."

"कुठंतरी तर रोजच पडतोय, लेका."

सोमा तंबाखू चोळत बापाच्या बाजूला बसला होता. "आबा, राहू द्या आता. दोन दिस गेले तर गेले. उद्या कोरडं लिवलंय नव्हं? उद्या चढू."

"काल बी कोरडंच हुतं. आज बी हाय," तात्या म्हणाला आणि उठून मेंढरांत गेला.

मला राग आला होता. खोटं कशाला सांगू? तात्याचा नाही, आभाळाचा राग आला होता. थोडं तरी गडगडायला काय हरकत होती? ठकानं चुलीवरून माझा चेहरा ओळखला.

"भावजी, रुसू नगा. पाऊस तुमच्या मोबाईलला भ्याला आसंल."

गुरुवार उजाडला तो दमट. वारा बंद. मी वाघरीपाशी गेलो. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. तात्या तिथं आधीच उभा होता. मेंढरं चरायला उतावीळ व्हायची वेळ, पण ती गोळा होऊन, तोंडात तोंड घालून, माना खाली घालून उभी होती. एक सुद्धा ओरडत नव्हतं.

"बघतुयास?" तात्या हळू आवाजात म्हणाला.

"बघतोय."

"मेंढरू असं कवा करतंय?"

"ऊन वाढल्यावर करतंय. एकमेकाच्या सावलीत तोंड घालतंय."

"सकाळी साडेसहाला?"

मी मोबाईल काढला. परत वाचलं. परत परत वाचून तो मला पाठ झाला होता. "तापमान वाढणार म्हणून लिवलंय, तात्या. दोन-तीन अंशानं. त्याचंच हाय हे. मेंढराला आधी कळतंय."

माझं हे बोलणं बिनतोड होतं. आजही मला त्यात चूक काढता येत नाही. मेंढरं उन्हातही तसंच करतात. तात्याला ते माहीत होतं, आणि तो माझ्या तोंडाकडं बघत राहिला. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला कुणाला तरी सल्ला विचारताना बघितलं.

"धुळा, तू सांग. उठवू का वाडा?"

"उठवा," मी म्हणालो.

एवढं एकच. तात्यानं हाळी दिली आणि पालं उतरायला लागली.

आमच्यात चालायची रीत अशी, की बायका घोडी घेऊन पुढं जातात. मेंढरं हळू चढतात, घाटात थबकतात, चरतात. बायकांनी पुढं जायचं, पलीकडं पाण्याची जागा धरायची, चूल पेटवायची. घोडीच्या पाठीवर सगळा संसार असतो, आणि त्याच्याही वर, झोळीत, त्या आठवड्यात जन्मलेली कोकरं. त्यांना घाट चढवत नाही म्हणून. ठकाच्या घोडीवर त्या दिवशी चार कोकरं होती, नुसती डोकी बाहेर काढून बसलेली.

"अगं, दमानं," झिमाकाकूनं, तिच्या सासूनं, मागून हाक दिली. "पळतीस काय माहेरी निघाल्यावानी?"

"माहेरी निघाले आसते तर तुमास्नी दिसले बी नसते," ठका म्हणाली आणि घोडीला घेऊन वळणाआड गेली.

घाट पूर्वेला तोंड करून चढतो आणि वरचं पठार खालून दिसत नाही. ढग जे आले ते देशावरून, पठाराच्या पाठीमागून आले. आम्ही बाप्ये मेंढरांच्या मागं, शेवटच्या दोन वळणांच्या खाली. डोक्यावर ऊन. अकरा वाजले असतील. आधी एक थंडगार झुळूक आली. सोमा म्हणाला, "बरं वाटलं." आणि सहाशे मेंढरं एकाच वेळी थांबली.

मग गडगडलं. लांब नाही, वरच. घाटाच्या कडेवरून काळं काही तरी सांडल्यासारखं खाली आलं आणि ऊन विझलं.

तात्यानं माझ्याकडं बघितलं नाही. तो वर बघत होता, जिकडं बायका गेल्या होत्या. "आता सड्याच्या मधोमध आसत्याल," तो म्हणाला. सोमा पळत सुटला. मीही. मेंढरं तात्यावर टाकून आम्ही दगडांना हात लावत, घसरत, वर चढत राहिलो आणि वरून एकामागून एक असे आवाज येत होते की प्रत्येक आवाजाला सोमा खाली वाकायचा आणि परत पळायचा. गार पाण्याच्या सपकाऱ्यांनी डोळे उघडता येत नव्हते. मी पळताना काय करत होतो, सांगू? वार मोजत होतो. मंगळवार, बुधवार, गुरुवार. कदाचित आज बुधवारच असेल, माझीच मोजायची चूक झाली असेल, असं घोकत होतो.

वर पोचलो तेव्हा पाऊस ओसरत होता. कातळावरून पाणी चकाकत वाहत होतं. बायका एका जागी, उकिडव्या, डोक्यावर घोंगडी घेऊन, एकमेकींना धरून बसलेल्या. घोडी चौखूर उधळलेली. भांडी लांबवर पसरलेली. आणि पन्नास पावलांवर एक घोडी आडवी. तिच्या मानेपाशी ठका. हातात कासरा तसाच.

झिमाकाकू उठून आमच्याकडं आली. तिला रडायला येत नव्हतं, नुसती बोलत होती. "म्या म्हणलं सोड तिला. सगळ्यांनी सोडल्या. म्या म्हणलं, ठके, सोड, खाली बस. म्हणली, सोडली तर उधळंल, कोकरं हायती वरती. कोकरं हायती म्हणली."

सोमानं तिचा हात उघडायचा प्रयत्न केला. बोटं उघडेनात. अंगावर जखम नव्हती. मानेपासून खांद्यापर्यंत एक तांबडी रेघ, झाडाच्या मुळीसारखी फुटलेली. झोळीतली तीन कोकरं मेली होती. चौथं ओरडत होतं. तेवढा एकच आवाज होता सड्यावर.

तात्या तासाभरानं मेंढरं घेऊन वर आला. त्यानं सुनेकडं बघितलं, डोक्याचं मुंडासं काढून तिच्या तोंडावर टाकलं. मग माझ्यापाशी आला.

"वाच," तो म्हणाला.

"तात्या..."

"वाच म्हणतो."

मी ओल्या खिशातून मोबाईल काढला. बंद पडला असता तर बरं झालं असतं. चालू होता. मी वाचलं. गुरुवारपासून आकाश निरभ्र.

"आज वार कंचा?"

"गुरुवार."

तात्यानं मान हलवली. त्यानंतर चार वर्षं तो जगला. मला एक वाईट शब्द बोलला नाही आणि एकही गोष्ट विचारली नाही. सोमाच्या पाया पडून मी सांगितलं की माझ्यामुळं गेली, तर तो म्हणाला, "लिवलं हुतं तेच तू वाचलंस." या वाक्याला धरून मी महिनाभर चाललो. लिहिलं होतं तेच वाचलं. मग ज्यानं लिहिलं त्याला गाठायचं.

गावी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी तालुक्याला गेलो. जिथं नाव नोंदवलं त्या कचेरीत पंखा फिरत होता आणि साहेब माणूस चांगला होता, हे मुद्दाम लिहितो. वाईट असता तर एक शिवी देऊन मोकळा झालो असतो. त्यानं खुर्ची दिली.

"बोला."

"तुमचा अंदाज चुकला. माझी भावजय वीज पडून मेली."

त्याचा चेहरा खरंच उतरला. "अरेरे. कोणती तारीख?"

सांगितली. त्यानं माझा मोबाईल नंबर विचारला, संगणकात घातला, मग एक जाड फाईल काढून पानं उलटली. पान सापडल्यावर त्यावर बोट ठेवलं.

"तुमचं गाव शेंडगेवस्ती. बरोबर? मंगळवारी सरी पडल्यात. बुधवारी नऊ मिलिमीटर. गुरुवारी कोरडं, एक्केचाळीस अंश. अंदाज तर तंतोतंत आहे हो."

"कोरडं? साहेब, आमी चिंब भिजलो."

"गावात?"

"गावात कशाला? घाटात. कोकणातनं वर येताना."

साहेबाचं बोट पानावरून निघालं. "कोणता घाट?"

मी सांगितलं.

"मग तो आमच्याकडं येतच नाही. तो तालुका नाही आपला. जिल्हासुद्धा नाही." तो परत संगणकाकडं वळला. "तुम्ही नोंदणीला गाव कोणतं दिलं होतं?"

"माझं गाव दिलं. गाव विचारलं हुतं."

"मग संदेश गावाचाच येणार ना. त्याच्या माथ्यावर तालुक्याचं नाव लिहिलेलं असतं की."

होतं. प्रत्येक संदेशाच्या माथ्यावर होतं. मी ते रोज वाचत होतो. पत्रावर असतो तसा पत्ता समजून वाचत होतो. पत्र ज्याच्या हातात पडतं, त्याच्यासाठीच असतं असं मला वाटायचं. दिवाळीच्या आधी अंदाज खरे ठरले, कारण तेव्हा आम्ही गावातच होतो. त्यानंतरचे सहा महिने मी दोनशे किलोमीटरवरचं, रिकाम्या घरावरचं आभाळ वाड्याला वाचून दाखवत होतो. थंडीत दोन्हीकडं कोरडंच असतं, म्हणून फरक कळला नाही. मंगळवारी आणि बुधवारी पाऊस पडला होता. आमच्या कुलपावर पडला होता.

"घाटात त्या दिवशी काय सांगितलं हुतं?" मी विचारलं.

साहेबानं नाही म्हटलं असतं तर चाललं असतं. पण त्यानं प्रामाणिकपणानं कुठं तरी फोन लावला, विचारलं आणि फोन ठेवला.

"बुधवारी संध्याकाळीच इशारा गेला होता. गुरुवारी जोरदार वळीव, घाटमाथ्यावर जाणं टाळा म्हणून. तिथल्या नोंदणी केलेल्या सगळ्यांना गेला."

पायथ्याच्या गावात त्या सकाळी रस्त्यावर कुणी नव्हतं. बैलं सुद्धा गोठ्यात होती. मला ते दिसलं होतं आणि मला काहीच वाटलं नव्हतं.

"आमाला का न्हाई आला?"

"तुमची नोंद तिथं नाही ना."

"पण आमी तिथं हुतो."

"ते आम्हाला कसं कळणार?" तो खरंच विचारत होता. मग जरा पुढं वाकून म्हणाला, "गाव बदलून देऊ का? एकच टाकता येतं. कोणतं टाकू?"

मी कोणतं सांगणार होतो? कार्तिकात एक, पौषात दुसरं, शिमग्याला तिसरं. काही ठिकाणी तर गावच नसतं, नुसतं रान असतं. मी म्हणालो, "साहेब, आज मी जिथं आसंन तिथलं आभाळ सांगा."

"तसा रकाना नाही," तो म्हणाला. "वर कळवतो."

मी उठलो. दारापर्यंत त्यानं सोडलं सुद्धा. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. नंबर मी बदलला नाही, मुद्दाम. संदेश अजून येतो. या आठवड्यातही आलाय: हलक्या सरी, मेघगर्जना, नंतर उष्णतेत वाढ. माथ्यावर माझ्या तालुक्याचं नाव आहे. मी हे घाटाच्या पायथ्याच्या रानात बसून लिहितोय आणि आमचे लोक उद्या घाट चढायचा म्हणतात.

ज्या 'वर'ला साहेबानं कळवलं, त्या 'वर'ला मी तीन अर्ज केले. पोच आली, उत्तर आलं नाही. पैसे मागितले नाहीत, माफी मागितली नाही, कुणाची नोकरी घालवा म्हटलं नाही. एकच प्रश्न विचारला आणि तो इथं सगळ्यांसमोर परत विचारतो. वाटेवर असलेल्या माणसाच्या डोक्यावर आभाळ असतं, हे तुम्ही धरता की नाही? मोठं पत्र नको. हो किंवा नाही, एवढंच लिहा आणि खाली सही करा.